पावलांची पावती

बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाची एक खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही. कोणताही व्यवहार समोर आला की तो आधी कागद शोधतो. कागद सापडला की त्याचे मन निश्चिंत होते. या सवयीचा मला अभिमान होता. एका नृत्यशिक्षिकेने तो, आवाज न चढवता, उतरवला.

यवतमाळच्या आमच्या मंडळाने काही वर्षांपूर्वी महावीर जन्मकल्याणकासाठी त्रिशलामातेच्या स्वप्नांवर एक समूहनृत्य बसवून घेतले. त्या शिक्षिका पंधरा दिवस रोज संध्याकाळी येत. त्यांच्याजवळ एक चौकटींची वही असे. प्रत्येक मुलीची जागा, वळण आणि पावलांची मोजणी त्यांनी तीत बाणांनी व आकड्यांनी मांडलेली होती. मानधनाचे पाच हजार रुपये कोषाध्यक्ष या नात्याने मीच दिले आणि रीतसर पावती घेतली.

पुढच्या वर्षी मोठ्या मुलींनी तेच नृत्य धाकट्यांना शिकवले. ताईंना बोलावणे गेले नाही. नृत्य बसवण्याचे श्रेय निवेदनात महिला शाखेला दिले गेले आणि टाळ्या वाजल्या. त्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

आठवड्याभराने ताई घरी आल्या. कुणीतरी त्यांना मोबाइलवर चित्रण दाखवले होते. चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “काका, मला पैसे नकोत. फक्त माझे नाव का गेले, ते सांगा.” मी उठून पावती काढली. “ताई, मोबदला पूर्ण दिलेला आहे. आणि नाचाच्या पावलांचा कुणाच्या नावे सातबारा असतो का?” त्यांनी पावतीकडे पाहिले, नमस्कार केला आणि त्या निघून गेल्या.

आपलेच बरोबर होते, हे स्वतःला पटवण्यासाठी मी कायद्याचे पुस्तक उघडले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाट्यकृतीच्या व्याख्येतच नृत्यरचनेचा समावेश आहे. ती लेखी वा अन्य रीतीने निश्चित झालेली असावी, एवढीच अट. मला ती चौकटींची वही आठवली.

सुटे पाऊल मात्र कुणाच्याही मालकीचे नसते. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील भगवानदादांची ती डुलती चाल पुढे कितीतरी नटांनी उचलली; अमिताभ बच्चन यांच्या नाचातही तिची छाया दिसते. भगवानदादांची अखेर मात्र दादरच्या चाळीत, ओढगस्तीत झाली. चालीचे भाडे त्यांना कुणी दिले नाही आणि कायद्यानेही ते मागता आले नसते. आपल्या जिल्ह्यातील गोंडांची दंडार, बंजारा तांड्यांवरील तीजेचे नाच, शाळाशाळांतून खेळले जाणारे लेझीम ही तर पिढ्यापिढ्यांची सामाईक ठेव. पण कापूस शिवारातला असला तरी विणलेल्या वस्त्रावर विणकराचा हात असतो. ताईंनी लेझमीची पावले घेतली होती. त्यांची गुंफण त्यांची स्वतःची होती.

आता माझ्या पावतीकडे वळतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेली कृती, वेगळा करार नसल्यास, मालकाची होते. परंतु बाहेरून बोलावलेल्या नृत्यरचनाकाराचा हक्क केवळ मानधन दिल्याने आपल्याकडे येत नाही. त्यासाठी लेखी हस्तांतरण लागते. भाड्याच्या पावतीला खरेदीखत समजणाऱ्या कर्जदाराला मी आयुष्यभर परत पाठवले होते, आणि येथे तीच चूक मी केली होती.

या विषयावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आहे. कन्नडचे थोर साहित्यिक शिवराम कारंत यांनी यक्षगानाला नवे नृत्यनाट्यरूप दिले होते. त्यांच्या निधनानंतर एका शिक्षणसंस्थेने त्याचा प्रयोग केला, तेव्हा कारंतांच्या मृत्युपत्राने हक्क मिळालेल्या मालिनी मल्ल्या न्यायालयात गेल्या. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. मात्र कायद्याने दिलेल्या सवलतींचा लाभ संस्थेला घेता येईल, असेही स्पष्ट केले.

त्या सवलतींतच मला माझी सुटका सापडली. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेला प्रयोग हक्कभंग ठरत नाही. आमच्या कार्यक्रमाला तिकीट नव्हते. म्हणजे आम्ही निर्दोष! क्षणभर बरे वाटले. पण सवलत प्रयोगाची आहे, दुसऱ्याची रचना आपली म्हणून सांगण्याची नाही. कलम ५७ प्रमाणे हक्क विकून टाकल्यावरही ‘ही कृती माझी’ असे म्हणण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो.

आणि कलम नसते तरी काय? न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दुकानात माप मारू नये, तराजूला हात लावू नये, एवढ्यावर आपण ते व्रत आटोपतो. ताईंनी आम्हांला नृत्य दिले होते. नाव दिले नव्हते. ते आम्ही घेतले, आणि मी त्यावर पावती दाखवली.

सौभाग्यवतींना घेऊन मी त्यांच्या घरी गेलो व क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “काका, नावाचे दुःख होतेच. पण धाकट्या मुलींनी तिसऱ्या स्वप्नातली गिरकी उलटी घेतली होती, ते पाहून जीव तुटला. मला बोलावले असते, तर मी नुसती ती दुरुस्त करून दिली असती.” माझ्यापाशी उत्तर नव्हते. जो चूक पाहून तळमळतो, तो मालक; बाकीचे आम्ही वापरणारे.

मंडळाच्या पुढच्या सभेत मी ठराव मांडला : गीत, नृत्य, नाटिका जे काही सादर होईल, त्याच्या रचनाकाराचे नाव पत्रिकेत छापावे व मंचावरून घ्यावे, पुनःप्रयोग करायचा तर आधी विचारावे. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या वर्षी ताई आल्या आणि गिरकी सरळ झाली. नाव पुकारले गेले तेव्हा मी कोषाध्यक्षाच्या खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या.