पालथं पात्र

इगतपुरीच्या धम्मगिरीवर पहिलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, तेव्हा मला निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. तीस वर्षं परिचारिकेची नोकरी केलेली. दुसऱ्याचं करत राहणं हाताला इतकं बसलं होतं, की स्वतःसाठी पाण्याचा पेला मागायलाही जीभ उचलत नसे.

शिबिराला फी नसते. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर तुमचं जेवण नि राहणं चालतं, आणि तुमचं शिबिर पूर्ण होईपर्यंत तुमच्याकडून दान घेतलं जात नाही. म्हणजे ते दिवस फक्त घ्यायचे. पहाटे चारच्या घंटेपेक्षा मला तेच जड गेलं. तीन दिवस आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देणं, चौथ्या दिवसापासून विपश्यना आणि दहाव्या दिवशी, मौन सुटतं तेव्हा, मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं. ती शिकवली तेव्हा मनात आलं, हे तर आपलंच काम. द्यायचंच आहे ना?

घरी रोज पहाटे तासभर बसू लागले. शेवटची पाच-सात मिनिटं मैत्रीची. शेजारी, जुने रुग्ण, ज्यांच्याशी वाकडं आलं ते, सगळ्यांचं मंगल चिंतायचे आणि उठताना मात्र गळून गेलेली असायचे. वर्षभर हे असंच चाललं.

मग बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ हाती आला. पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिलेला ग्रंथ. त्यात मैत्रीची सुरुवात स्वतःपासून सांगितली आहे. मग आदरणीय माणूस, जिवलग, त्रयस्थ आणि सर्वांत शेवटी वैरी. आपण स्वतः इथे साक्षीदार असतो. मला सुख हवं, दुःख नको, तसंच समोरच्यालाही, हे आधी आपल्यात अनुभवायचं. त्याच ग्रंथात मैत्रीचे दोन शत्रू सांगितले आहेत. द्वेष हा दूरचा, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे आसक्ती. ती मैत्रीचाच चेहरा लावून येते. माझ्या देण्यात ती होती. माझ्यावाचून कुणाचं चालू नये, अशी एक चिवट इच्छा.

हा ग्रंथ वाचत होते, त्याच हिवाळ्यात माझा गुडघा धरला होता. एका रात्री मुलगा तेल कोमट करून वाटी घेऊन आला.

“आई, पाय दे इकडे.”

“राहू दे रे, तू दमून आलायस.”

तो क्षणभर उभा राहिला. मग वाटी ओट्यावर ठेवून आत गेला. सकाळी पाहिलं, तेल थिजून पांढरं झालं होतं.

त्या वाटीकडे बघताना मला विनयपिटकातला, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमग्रंथातला, वड्ढ नावाचा लिच्छवी गृहस्थ आठवला. त्याने एका निर्दोष भिक्षूवर खोटा आरोप केला, तेव्हा संघाने त्याच्यासाठी पात्र पालथं केलं. त्याच्याकडून भिक्षा घ्यायची नाही, एवढीच शिक्षा. ते ऐकून वड्ढ मूर्च्छित पडला. पुढे त्याने चूक कबूल केली आणि पात्र पुन्हा उताणं झालं. गृहस्थाला संघ देत असे ती शिक्षा ही अशी होती. आणि मी तीच माझ्या मुलाला, काही अपराध नसताना, वर्षानुवर्षं देत आले होते.

तेव्हापासून माझी बैठक बदलली. आधी दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवते. मग मला मिळालेली एकेक गोष्ट आठवते. शिबिरातलं अनोळखी माणसाच्या दानाचं जेवण, रात्रपाळीला सहकारी बाईंनी राखून ठेवलेली भाकरी, ती तेलाची वाटी. छातीत ऊब येईपर्यंत थांबते आणि मगच इतरांकडे वळते. मंगल मैत्रीत आपण सगळ्यांना क्षमा करतो, तशी सगळ्यांकडे क्षमा मागतोही. हे मागणं पूर्वी मी घाईने उरकत असे. आता तिथेच जास्त वेळ रेंगाळते, कारण मागताना हात आपोआप उघडतो. आता उठताना थकवा येत नाही.

साधना करणाऱ्या माझ्यासारख्या बायांना एवढंच सांगेन: कुणी काही घेऊन दाराशी आलं, तर ‘कशाला उगाच’ म्हणू नका. घ्या. त्या माणसाचीही मैत्री पूर्ण होऊ द्या.