गाणं कधी लावावं, कधी थांबवावं

गडचिरोली

चि. सायलीस,


कानात गाणी सुरू असली की नमुने भराभर सुचतात, हे तुझं म्हणणं मला पटतं. पण ते कामाच्या एकाच टप्प्यापुरतं खरं आहे. 2017 साली सिमोन रिटर आणि सॅम फर्ग्युसन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आनंदी संगीत ऐकणाऱ्यांना, शांततेत बसलेल्यांपेक्षा, एकाच प्रश्नावर जास्त कल्पना सुचल्या. मात्र नेमकं एकच उत्तर गाठायचं असेल तिथे संगीताचा फायदा दिसला नाही. 2019 मध्ये ब्रिटन आणि स्वीडनच्या संशोधकांनी लोकांना कोडी घातली: तीन शब्द द्यायचे आणि तिन्हींशी जुळणारा चौथा शोधायचा. गाणी सुरू असताना ही कोडी कमी सुटली. ओळखीच्या गाण्यांनी मन प्रसन्न झालं तरी कमीच सुटली, आणि बिनशब्दांच्या संगीतातही तेच. ग्रंथालयातल्या साध्या आवाजांनी मात्र काही बिघडलं नाही. म्हणून ‘मला सवय आहे, मला छान वाटतं’ हा युक्तिवाद पुरेसा नाही. छान वाटणं आणि काम चांगलं होणं या दोन गोष्टी एकत्र येतातच असं नाही.

तुझ्या बांबूच्या दिव्याचंच घे. त्याचे पहिले वीस-पंचवीस आकार कागदावर उतरवताना हवी तेवढी गाणी लाव. पुढे मात्र जाळी किती दाट ठेवायची, कामटी कुठे वाकेल आणि कुठे तडकेल, काठाची वीण कशी बंद करायची, हे ठरवायचं असतं. तिथे गाणं थांबव. तू म्हणशील, आपल्याकडचे बुरूड दिवसभर रेडिओ लावून सुपं-टोपल्या विणतातच की! विणतात, कारण ती वीण त्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या बसली आहे. सूप कसं असावं हा प्रश्न त्यांच्यापुरता सुटलेला आहे. तुझा प्रश्न अजून सुटायचा आहे. आणि बांबू फोडण्याचं काम जवळून बघ. कोयत्याची धार पेरापाशी आली की फाटण्याचा आवाज बदलतो, आणि जाणता हात तिथे जोर सावरतो. कामटी एका अंगाला पातळ होत चालली तर तेही ऐकू येतं. कान बंद करून ही विद्या येत नाही. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात शिकायला मिळालं तर हे फोडणंच आधी नीट ऐक. गोंगाटापासून सुटका म्हणून हेडफोन लावतेस, तर लाव. पण हातात कोयता नसताना, आणि जमलं तर काहीही न वाजवता.

यावरून संगीताचा डिझाइनशी संबंध वरवरचा आहे असं समजू नकोस. उलट तो फार खोल आहे, म्हणूनच त्याला पार्श्वभूमीत ढकलणं मला खटकतं. परधान हे गोंडांचे परंपरेने गाणारे. आपल्या चंद्रपूर-यवतमाळ भागातही त्यांची वस्ती आहे. बाना हे वाद्य वाजवत देवांच्या आणि राजांच्या कथा गाणं हे त्यांचं काम. याच समाजातला, मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा जनगढ सिंह श्याम 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्यामुळे भोपाळच्या भारत भवनात पोचला आणि त्याच्या हातून चित्रांची एक नवी शैलीच उभी राहिली. ठिपक्यांनी आणि बारीक रेषांनी भरलेले त्याचे प्राणी आणि देव यांमागे परधानांचं गाणं आहे, असं लेखक उदयन वाजपेयी यांनी मांडलं आहे. गोंदणाच्या आणि भिंतीवरच्या नक्षीचाही त्यात वाटा असणार. सगळं श्रेय मी गाण्याला देणार नाही. पण जे गाणं पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ होतं, ज्याची आवर्तनं अंगात भिनलेली होती, त्याचा चित्रावर परिणाम होणं मला स्वाभाविक वाटतं. फोनवर आपोआप पुढे सरकणाऱ्या गाण्यांतून ते होणं अवघड.

तुझ्याजवळ तर माडिया आदिवासींचा रेला हा गाण्यावरचा नाच आहे. एकाच ओळीकडे फिरून फिरून येणारं ते गाणं आणि हातात हात गुंफून सरकणारी रांग यांतून वीण कशी पुढे न्यायची, याचं बरंच काही दिसेल. तिथे पेन्सिल न घेता बस आणि चित्र नंतर, शांतपणे काढ. गाणी ऐकत काढलेली आणि शांततेत काढलेली दिव्याची चित्रं मागे तशी खूण करून वेगळी ठेव, आणि दोन्ही मला पाठव. माझं म्हणणं तुझ्या कामाला कितपत लागू पडतं, ते त्यावरूनच पाहू.

तुझा,
काका