आकडा कुणाचा?

चालू युद्धावर विद्यार्थ्यांना लघुप्रबंध लिहायला देऊ नये, असं आमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच ज्येष्ठांचं मत आहे. सरकारी दफ्तरं बंद, दोन्ही बाजूंचा प्रचार जोरात, मग मुलं लिहिणार कशाच्या जोरावर? मला उलट वाटतं. जुन्या युद्धावर मुलं दहा पुस्तकं वाचून अकरावं लिहितात. चालू युद्धात पुरावा स्वतः पारखावा लागतो.

विषय मात्र आधी छाटावा लागतो. ‘रशिया-युक्रेन युद्ध : कारणे आणि परिणाम’ हे शीर्षक घेऊन दरवर्षी कुणीतरी येतंच. नाटोचा विस्तार, २०१४ मधलं क्रिमिया, संयुक्त राष्ट्रांत भारताचं तटस्थ राहणं. ऐंशी पानं सहज भरतात, आणि त्यात संशोधन औषधालाही नसतं. मी म्हणते, एक शहर घे, एक दिवस घे.

उदाहरणार्थ मारियुपोल, १६ मार्च २०२२. शहराला रशियन फौजांचा वेढा आणि नाट्यगृहात शेकडो माणसं आसऱ्याला. इमारतीच्या पुढे आणि मागे जमिनीवर भल्यामोठ्या रशियन अक्षरांत ‘मुलं’ असं रंगवलेलं होतं. १४ मार्चच्या उपग्रहचित्रात ते स्वच्छ वाचता येतं. तरी हल्ला झालाच. किती माणसं गेली? नगर प्रशासनाने प्रत्यक्षदर्शींच्या हवाल्याने सुमारे ३०० सांगितली. असोसिएटेड प्रेसने २३ जणांशी बोलून, इमारतीचे नकाशे समोर ठेवून, ६०० च्या आसपास असा अंदाज काढला. अॅम्नेस्टीने जूनमध्ये किमान १२ मृत्यू नोंदवले आणि खरी संख्या बरीच जास्त असावी, असंही म्हटलं.

“मॅडम, यातला खरा कुठला धरू?” हा प्रश्न ठरलेला. मी विचारते, कुणी मोजले, केव्हा, कसे? बाराचा आकडा खात्री पटलेल्या मृत्यूंचा, सहाशेचा आत किती माणसं असावीत यावरून बांधलेला. त्यांची सरासरी काढायची नसते. (एकाने काढली होती!)

पण याहून मोठी खोड हुशार मुलांना लागते. आकड्यांचा घोळ पाहिला की ती लिहून मोकळी होतात : ‘दोन्ही बाजू परस्परांवर आरोप करतात, सत्य सांगणे कठीण.’ या वाक्यावर माझी लाल पेन्सिल हमखास फिरते. नाट्यगृह युक्रेनच्या अझोव्ह तुकडीनेच उडवलं, असं रशियाने सांगितलं होतं. अॅम्नेस्टीने साक्षी, छायाचित्रं आणि स्फोटाचं गणित तपासून, हा जवळपास निश्चितपणे रशियन विमानांचा हल्ला, असा निष्कर्ष काढला. म्हणजे ‘कुणी केलं’ याचं उत्तर भक्कम आणि ‘किती गेले’ याचं डळमळीत. एकाच परिच्छेदात दोन्ही लिहायला काहीच हरकत नसते, फक्त कुठल्या वाक्याला किती जोर द्यायचा ते कळलं पाहिजे.

नवी मोजणी होण्याची आशाही धूसर आहे. मे २०२२ मध्ये शहर पूर्णपणे रशियाच्या ताब्यात गेलं आणि डिसेंबरमध्ये नाट्यगृहाचा बराच भाग पाडला गेला. उरतात त्या साक्षी, चित्रफिती, उपग्रहचित्रं. म्हणून टेलिग्रामवर उपयोगाचं काही दिसलं की दुवा, तारीख आणि प्रत त्याच दिवशी उतरवून ठेवायला मी सांगते. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री तळटीप तपासायला बसावं, तर कधीकधी अख्खी वाहिनीच गायब झालेली असते.