पाचव्या दिवसाची सृष्टी

गेल्या जानेवारीत काही कामानिमित्त चोर्ला घाट उतरून गोव्यास जाण्याचा योग आला. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण तेथे समुद्रात बुडी मारून जलचरांची चलच्चित्रे घेतो. त्याच्या आग्रहावरून मुरगावनजीकच्या ग्रांदे बेटाकडे मीही होडीने गेलो. पावसाळ्यात तेथील पाणी गढूळ असते. हिवाळ्यात ते पुष्कळसे निवळते.

होडीत बसून तो कॅमेऱ्याच्या जलाभेद्य पेटीची रबरी कडी पुन:पुन्हा पुशीत होता. तीत एखादा केस अडकला तरी पाणी आत शिरते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. शिवाय पाणी तांबडा रंग सर्वांआधी गिळते; म्हणून लालभडक मासाही खाली करडा दिसतो आणि त्याचा खरा रंग दिव्याच्या उजेडातच प्रकट होतो. दिवा मात्र कॅमेऱ्यापासून बाजूला धरावा लागतो. नाहीतर धुक्यात मोटारीचे दिवे लावल्याप्रमाणे पाण्यातील कणच चकाकतात. वर येताना श्वास कोंडणे तर प्राणघातक. फुप्फुसातील हवा फुगत जाते.

सायंकाळी त्याने मला चित्रे दाखविली. खडकाच्या कपारीतून एक भला मोठा गोबरा शांतपणे पाहत होता. एकाएकी सर्व धूसर झाले.

“हे काय झाले?” मी विचारले.

“चूक माझी, फादर. अधिक जवळ जाण्याच्या हव्यासाने पाय मारला. वाळू उसळली आणि प्रवाळाची फांदी मोडली. ती वाढायला कित्येक वर्षे लागली असतील. हे चित्र मी पुसलेले नाही. दर खेपेस खाली जाण्यापूर्वी पाहतो.”

त्याच्या या बोलण्याने मला फ्रेंच दर्यावर्दी झाक कुस्तो यांची आठवण झाली. लुई माल यांच्यासह त्यांनी केलेल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटास १९५६ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक लाभले. सेशेल्समधील अझम्प्शन बेटापाशी एक गोबरा त्यांच्या पाणबुड्यांशी कसा सलगीने वागला, हे त्यात दिसते. परंतु मासे मोजण्यासाठी सुरुंग उडविल्याचे आणि शार्क मारल्याचेही दृश्य त्याच चित्रपटात आहे. पुढे याच कुस्तोंनी समुद्राच्या रक्षणासाठी आयुष्य वेचले. ज्याने पाहिले, त्यास एक दिवस आपला दोषही दिसला.

उत्पत्तीच्या पुस्तकानुसार परमेश्वराने पाचव्या दिवशी जलचर निर्माण केले व त्यांस आशीर्वाद दिला. मनुष्य तेव्हा जन्मासही आला नव्हता! पुढे बाग मनुष्याच्या हाती सोपविली, ती मशागत व राखण करण्यासाठी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रवाळांच्या नाशाविषयी दु:ख व्यक्त केले, ते याच नात्याने.

वाचकहो, आपण समुद्रात उतरणार नाही. पण आपल्या गावच्या नदीत सुरुंग लावणारे, उन्हाळ्यात डोहात ब्लीचिंग पावडर ओतणारे हात आपल्याच घरांतले असतात. एका वेळच्या कालवणासाठी पिल्लांसकट सारा डोह मरतो. मासा हे देवाचे दान आहे; ते गळाने, जाळ्याने अवश्य घ्यावे. डोह मात्र पुढील पिढीसाठी जिवंत राहू द्यावा. घरी मुलांस हे सांगाल ना?