आधी थापटून बघा

तेरचा माणूस कुठेही गेला आणि कुणी ‘गाव कोणतं?’ असं विचारलं, तर तो आधी ‘तेर’ म्हणतो. समोरच्याला कळलं नाही तर ‘गोरोबाकाकांचं’ म्हणतो. मीही तसंच सांगतो. माझं नाव ऐकलेल्या काहींना याचं नवल वाटतं. तेरणाकाठी जो वाढला त्याच्या कानावर काकांची गोष्ट पडतेच, मग त्याच्या घरी कीर्तन होत असो की मौलूद.

ती गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं की मी तीच सांगत असतो. संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, मुक्ताबाई, नामदेव. कुंभाराच्या घरातलं थापटणं बघून मुक्ताबाईंनी विचारलं, हे कशाला? मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं, गोरोबाकाका म्हणाले. मग आमचीही मडकी बघा की, असं मुक्ताबाई म्हणाल्या. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं. नामदेवांना ते लागलं. पण पुढे ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, शिकले आणि पक्के झाले.

मी नेटवर्क सांभाळतो. नातेवाइकांना वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्यामुळे लग्नात भेटले की प्रिंटरच्या तक्रारी येतात. खरं काम वेगळं आहे. कंपनीतले शेकडो कॉम्प्युटर एकमेकांशी कुठल्या वाटेनं बोलतात, बाहेरून आत यायला किती दारं आहेत, कुठलं दार कुणासाठी उघडं आहे, सॉफ्टवेअरची भोकं वेळेवर बुजवली का, बॅकअप आहे का आणि कोण कधी आलं-गेलं याची नोंद राहते का, हे सगळं बघायचं. त्यातच थापटण्याचं कामही येतं. आपल्याच नेटवर्कवर ठरवून, परवानगीनं हल्ला करून बघायचा. इंग्रजीत त्याला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. पक्कं मडकं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. पाणी भरण्याआधी आवाज ऐकून घ्यायचा, एवढंच.

न थापटता पाणी भरलं की काय होतं? दूरचं वाटणारं, पण आपल्या दारापर्यंत आलेलं एक उदाहरण देतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आमच्या तेरचा उल्लेख ‘तगर’ असा येतो. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं गाव. इथलं कापड गाड्यांवर लादून, खडबडीत वाटांनी भरुचच्या बंदरात जायचं आणि तिथून समुद्रापार. म्हणजे बंदर अडलं की तगरचा विणकर अडला. आज मराठवाड्याच्या मालासाठी भरुचची जागा उरणजवळच्या न्हावा शेवानं, म्हणजे जेएनपीएनं घेतली आहे.

२७ जून २०१७ ला तिथलं एक टर्मिनल ठप्प झालं. संप नव्हता, वादळ नव्हतं. ते टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या समूहाकडे होतं, आणि मर्स्कचे कॉम्प्युटर जगभर एकाच वेळी बंद पडत होते. नॉटपेट्या नावाचं मालवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरलं होतं. शिरल्यावर पसरण्यासाठी त्यानं वापरलेल्या वाटांपैकी एक होती विंडोजमधलं एक जुनं भोक. ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. दुसरी वाट त्याहून साधी. एका मशीनच्या मेमरीतून पासवर्ड चोरायचे आणि त्यावर पुढची मशीन उघडायची. नेटवर्कला आतून भिंतीच नसतील तर एक खोली पेटली की वाडा पेटतो. मर्स्कला सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्यानं उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

यातला खरा धडा डोमेन कंट्रोलरचा आहे. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला कुठवर जाऊ द्यायचं, याची वही ज्या सर्व्हरवर असते तो डोमेन कंट्रोलर. मर्स्ककडे असे सुमारे दीडशे होते. प्रत्येक जण दुसऱ्याची नक्कल ठेवायचा, त्यामुळे एक गेला तरी बाकीचे आहेत, असं सगळ्यांनी धरलं होतं. सगळेच एकदम जातील, हे कुणी थापटून बघितलं नव्हतं. गेले सगळे, एक सोडून. घाना देशातल्या कार्यालयात हल्ल्याआधीच लाइट गेली होती, म्हणून तिथला सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला होता आणि तेवढा वाचला. लोडशेडिंगनं कुणाचं भलं केल्याची ही एकच गोष्ट मला माहीत आहे. तिथलं इंटरनेट एवढं मंद की डेटा पाठवणं शक्य नव्हतं. घानातल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण हार्डडिस्क घेऊन नायजेरियाच्या विमानतळावर गेला, तिथं ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो ती घेऊन इंग्लंडला पोहोचला. एवढी मोठी कंपनी एका लाइट गेलेल्या सर्व्हरवर पुन्हा उभी राहिली.

आमच्याकडे अशा वेळी ‘अल्लाह मालिक’ म्हणून मोकळं होणारे बरेच आहेत. त्यांना मी ती प्रसिद्ध हदीस आठवून देतो. एकानं पैगंबरसाहेबांना विचारलं, उंट बांधू आणि भरवसा ठेवू, की मोकळा सोडून भरवसा ठेवू? आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असं त्याला उत्तर मिळालं. माझ्या धंद्यात याला वेगळ्या ठिकाणी ठेवलेला, नेटवर्कला न जोडलेला बॅकअप म्हणतात. तो परत उतरवूनही बघावा लागतो. न तपासलेला बॅकअप म्हणजे गाठ न मारलेला दोर.

दुसरं उदाहरण पुण्याचं. कॉसमॉस ही १९०६ सालची सहकारी बँक, अनेक मराठी घरांची ठेव तिथं. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा विचारणा आधी ‘स्विच’कडे जाते. स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो, खात्यात पैसे आहेत का? होकार आला की नोटा बाहेर येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी मालवेअर घुसवून मधेच एक बनावट स्विच उभा केला. तो मुख्य प्रणालीला काही विचारतच नव्हता, येईल त्या विचारणेला ‘हो’ म्हणत होता. ११ ऑगस्टला, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून १२ हजारांहून जास्त व्यवहारांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशात आणखी अडीच कोटी. १३ तारखेला स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयनं बँकांना अशाच प्रकारच्या लुटीचा इशारा दिला होता.

पुण्यातल्या बँकेची कार्डं एका दुपारी अठ्ठावीस देशांत चालतात, याला हरकत घेणारं कुणीतरी यंत्रणेत असायला हवं. सगळ्यांना ‘हो’ म्हणणारा माणूस घरात धोक्याचा, तसंच यंत्राचंही. त्यानंतर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. चौकट कागदावर आली, पण थापटणारा हात माणसाचाच लागतो.

आणि त्या हाताचं कुणी कौतुक करत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो. वरिष्ठांची लेखी परवानगी घेऊन आम्ही कर्मचाऱ्यांना एक खोटा मेल पाठवला. पगारातला फरक जमा झालाय, बघायला इथे क्लिक करा. बऱ्याच जणांनी केलं, त्यात एक मोठे साहेबही होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून घेतलं आणि विचारलं, ‘तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?’ नामदेवांचाही राग हाच असणार. संध्याकाळी टपरीवर चहा घेताना कुणीतरी हसत म्हणालं, ‘चाव्या कुणाच्या हाती दिल्यात बघा.’ बाकीचे हसले. टोमणा माझ्या हुद्द्यावर होता की नावावर, ते मला कळलं आणि त्यांनाही.

मला त्या वाक्याचं वाईट वाटलं, पण त्यातला प्रश्न खोटा नव्हता. नेटवर्क सांभाळणाऱ्याला मनात आणलं तर कुणाचाही मेल वाचता येतो, कुणाचीही फाइल उघडता येते. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या गोष्टी चोरून शोधायला मनाई आहे. सूरह नूरमध्ये परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय कुणाच्या घरात शिरू नये असं सांगितलंय. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ सुद्धा परवानगीवरच उभं आहे. तेच कृत्य मालकाच्या परवानगीनं केलं तर तपासणी, परवानगीशिवाय केलं तर कायदेभंग. काकांनीही मुक्ताबाईंनी म्हटल्यावरच थापटणं उचललं होतं. हे सगळं मी पाळतो. पण मी पाळतो हे दुसऱ्यानं माझ्या शब्दावर का मानावं?

गोरोबाकाकांच्या डोक्यावर थापटणं कुणी मारलं, ते गोष्टीत येत नाही. माझ्या धंद्यात ते यावंच लागतं. म्हणून त्या कंपनीत मी दोन गोष्टी मागून घेतल्या. पहिली, माझ्या प्रत्येक लॉगिनची नि प्रत्येक कमांडची नोंद अशा सर्व्हरवर जावी जिथं ती पुसण्याचा अधिकार मला नसेल. दुसरी, सगळ्यात मोठ्या चावीचा पासवर्ड दोघांत विभागलेला असावा, एकट्याला उघडता येऊ नये. सहकाऱ्यांना वाटलं मी रुसून हे करतोय. चांगल्या ठिकाणी हा नियमच असतो.

काही महिन्यांनी एका विभागाचं आख्खं फोल्डर गायब झालं. माझ्याकडे बघण्याच्या नजरा मला दिसत होत्या. नोंद उघडली. बाहेरच्या ठेकेदारानं लावलेली एक साफसफाईची स्क्रिप्ट रात्री दोनला चालली होती, तिनं ते उडवलं होतं. बॅकअपमधून फोल्डर दुपारपर्यंत परत आलं. मला स्वतःच्या बाजूनं एक शब्दही बोलावा लागला नाही. ज्याच्याकडे संशयानं बघितलं जातं, त्याच्यासाठी न पुसता येणारी नोंद ही केवढी मोठी ढाल आहे, ते मला त्या दिवशी कळलं. म्हणून आयटीत येणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी सांगतो, आपल्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा स्वतःहून मागून घ्या. अमानत सांभाळणाऱ्यानं हिशेब दाखवायला का लाजावं?

गावाकडचं बघा. आज तेरमध्ये निराधार योजनेचे पैसे काढायला म्हातारी माणसं मशीनवर अंगठा ठेवतात. किती काढले, किती उरले, हे ते समोरच्याच्या तोंडून ऐकतात. दरवेळी पावती मागा. तसं म्हणणं म्हणजे कुणाला चोर म्हणणं नव्हे. गरज नसेल तेव्हा आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं, घरातल्या पोरानं तेवढं करून द्यावं. ओटीपी मुलानं मागितला तरी आधी त्याला आपण होऊन फोन लावावा. फसलोच तर लाजत बसू नये, लगेच १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात. आणि सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरांनो, मॉनिटरवर चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी आजच काढा. तुमच्या एका पासवर्डमागे आख्ख्या गावाचे सातबारे आणि दाखले आहेत.

तपासलं म्हणून विश्वास कमी होत नाही. आमच्या बाजारात मडकं घेणारी बाई कुंभारासमोरच ते बोटानं वाजवून बघते, आणि कुंभार कधी रागावत नाही. त्याला आपल्या भट्टीची खात्री असते.