मेलबर्नचीं मैदानें आणि एका मुलाची पारख

पस्तीस वर्षें मुलांच्या परीक्षा घेण्यांत घालविलेल्या माणसास परदेशीं गेल्यावरहि परीक्षाच घ्यावी लागेल, असें आम्हांस स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त मेलबर्न शहरीं स्थायिक होऊन आतां अठरा वर्षें झालीं. त्यांच्या आग्रहावरून सन २०२५ च्या जून महिन्यांत आम्ही उभयतां तिकडे गेलों व चार महिने राहिलों. त्या मुक्कामांत समुद्र पाहिला, अरण्यें पाहिलीं, ग्रंथालयें पाहिलीं. त्यांचीं वर्णनें वाचकांस अन्यत्र पुष्कळ मिळतील. आम्हांस सांगावयाचें आहे तें तेथील मैदानांविषयीं, आणि त्या मैदानांवर आमच्याच नातवाची पारख करण्याचा जो प्रसंग आमच्यावर आला त्याविषयीं.

जून म्हणजे तिकडील ऐन हिवाळा. सकाळीं गवतावर दंव, आकाश राखेच्या रंगाचें, आणि वारा असा कीं दोन स्वेटरांस न जुमानतां हाडांपर्यंत पोंचावा. अशा दिवसांत एका शनिवारीं नातू आम्हांस मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर घेऊन गेला. हें नांव आपल्याकडे घरोघरीं ठाऊक आहे. पहिला कसोटी सामना १८७७ सालीं येथेंच झाला, आणि २०२० च्या डिसेंबरांत आपल्या अजिंक्य रहाणे यांनीं संघनायक या नात्यानें ११२ धावा काढून भारतास विजय मिळवून दिला तोहि येथेंच. परंतु शहरवासीयांस हें मैदान आपलें वाटतें तें विशेषतः हिवाळ्यांतील त्यांच्या फुटबॉलमुळें.

रिचमंड स्टेशनवर उतरून यारा पार्क नामक उद्यानांतून लोकांचे लोंढे मैदानाकडे चालले होते. कडेवर मुलें, गळ्यांत आपापल्या क्लबाच्या रंगाचे मफलर. आपल्याकडील जत्रेचीच आठवण व्हावी. त्या उद्यानांत कांहीं जुनाट वृक्षांच्या बुंध्यांवर लांबट व्रण दिसतात. गोरे लोक येण्यापूर्वीं तेथील मूळ रहिवाशांनीं आपल्या कामासाठीं साल काढून नेली त्याच्या त्या खुणा आहेत, असें नातवानें सांगितलें. मैदानाबाहेर एका सामन्याचा पुतळा उभा आहे. १८५८ च्या ऑगस्ट महिन्यांत दोन शाळांच्या मुलांचा जो सामना या उद्यानांत झाला त्याचा हा देखावा. त्यांत पंचाची भूमिका टॉम विल्स यांची आहे. विल्स हे नामांकित क्रिकेटपटु. हिवाळ्यांत क्रिकेटवाल्यांनीं अंग तयार राखावें म्हणून एखादा फुटबॉल क्लब काढावा, असें पत्र त्यांनीं त्याच सालीं वृत्तपत्रांत लिहिलें होतें. पुढच्याच वर्षीं, १८५९ त, मेलबर्न क्लबाच्या मंडळींनीं या खेळाचे नियम लिहून काढले. इंग्लंडांतील फुटबॉल असोसिएशनचे नियम १८६३ चे. म्हणजे हे त्यांहूनहि चार वर्षें आधींचे.

खेळ थोडक्यांत असा: मैदान लंबवर्तुळाकार, प्रत्येक पक्षाचे अठरा गडी, आणि चेंडू दोन्ही टोकांस निमुळता. तो पायानें मारावा, किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनें ठोसून सोबत्याकडे धाडावा. फेंकण्याची सक्त मनाई. चेंडू घेऊन धांवणाऱ्यानें दर पंधरा मीटरांच्या आंत तो एकदां तरी भूमीवर आपटला किंवा टेकविला पाहिजे. दोन्ही टोकांस चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून पायानें चेंडू गेला तर सहा गुण. थोडा चुकून बाजूच्या खांबांतून गेला तरी एक गुण. चुकणाऱ्याच्याहि पदरीं कांहीं तरी घालणारा हा खेळ आम्हां शिक्षकांस तात्काळ आवडला.

या अठरांत मधल्या फळीचे जे गडी, त्यांस मिडफील्डर म्हणतात. त्या दिवशीं पंचानें मध्यभागीं चेंडू भूमीवर आपटून उंच उडविला, दोन उंच गड्यांनीं त्यासाठीं झेंप घेतली, आणि खालीं जी झोंबाझोंबी माजली तींतून चेंडू बाहेर काढण्याचें काम मिडफील्डरांचें. असा गडी एका सामन्यांत बारा-तेरा किलोमीटर धांवतो. आमच्या शेजारीं विणलेला मफलर गुंडाळून एक वृद्ध बाई बसल्या होत्या. आमची नजर चेंडूमागें धांवून थकलेली पाहून त्या म्हणाल्या, "चेंडू ज्याच्याजवळ नाहीं त्याच्याकडे पाहा, म्हणजे खेळ समजेल." हें वाक्य आम्हीं घरीं येतांच वहींत टिपून ठेविलें.

त्याचा उपयोग लवकरच पडला. आमचा नातू वय वर्षें सोळा, आणि तोहि मिडफील्डरच. उपनगरांतील एका छोट्या क्लबाकडून तो खेळतो, आणि प्रादेशिक तरुण संघाच्या चांचणीसाठीं त्याला नुकतेंच बोलावणें आलें होतें. त्यामुळें घरांत दोन पक्ष पडले होते. चिरंजीवांचें म्हणणें, "बाबा, पुढलीं दोन वर्षें अभ्यासाचीं. आठवड्याच्या चार संध्याकाळी चिखलांत घालवून हातीं काय लागणार?" सूनबाई मुलाच्या बाजूच्या, पण स्पष्ट बोलत नव्हत्या. शेवटीं एके रात्रीं जेवतांना चिरंजीव म्हणाले, "तुम्हीं जन्मभर मुलें पारखलींत. चार सामने पाहा आणि सांगा, याच्यांत कांहीं आहे कीं नाहीं. तुमचा शब्द मी मानीन." नातवानें ताटावरून मान वर केली नाहीं, पण त्याचा घांस हातांतच राहिला हें आमच्या लक्षांत आलें.

उपनगरांतील मैदान म्हणजे उघडें गवत, कडेला एक पत्र्याची खोली, आणि भोंवतीं लागलेल्या मोटारी. आपल्या बाजूचा गोल झाला कीं मोटारींतील मंडळी भोंगे वाजवितात. एक बाप गुण लिहितो, दुसरा पाण्याच्या बाटल्या पोंचवितो, एक आई घोटे बांधून देते. विश्रांतीच्या वेळीं प्रेक्षकांनींहि मैदानांत जाऊन प्रशिक्षकाचें बोलणें ऐकावें अशी तेथें मोकळीक आहे. आम्ही उपरणें कानांस गुंडाळून, वही घेऊन, चार रविवार तेथें उभे राहिलों.

शास्त्रकारांनीं लौकिक न्याय सांगितले आहेत. ते आम्ही वर्गांत शिकवीत असूं, पण ते चिखलाच्या मैदानावर असे उपयोगीं पडतील ही कल्पना नव्हती. पहिला सिंहावलोकनन्याय. सिंह चालतां चालतां थांबून मागें वळून पाहतो, तसा हा मुलगा चेंडू हातीं येण्यापूर्वींच डावीउजवीकडे मान वळवून पाही. म्हणून चेंडू मिळाल्यावर तो गोंधळत नसे. हा गुण सहजासहजीं शिकवून येत नाहीं. दुसरा देहलीदीपन्याय. उंबरठ्यावरचा दिवा घरांत व अंगणांत दोहींकडे प्रकाश देतो. मिडफील्डरानें तसेंच चढाईंत व रक्षणांत दोहींकडे असावें. चेंडू प्रतिपक्षाकडे गेला कीं पुष्कळ मुलें कंबरेवर हात ठेवून उभीं राहत. हा मात्र वळून स्वतःच्या गोलाकडे धांवे. तें कोणी पाहत नव्हतें, त्याबद्दल टाळ्याहि नव्हत्या. पण त्या वृद्ध बाईंनीं सांगितलेलें पाहावयाचें स्थळ तेंच होतें.

आतां दोष. डावा पाय केवळ शोभेचा. प्रतिस्पर्धी त्याला डावीकडे रेटीत आणि चेंडू वायां जाई. अंग किरकोळ, त्याच्याच वयाचीं कांहीं मुलें मिशा फुटलेलीं, खांदे भरलेलीं, तीं त्याला सहज बाजूला सारीत. आणि शेवटच्या पावभागांत त्याचे पाय जड होत. आम्हीं वहींत जुन्या रीतीनें गुण मांडले: नजर चौदा आणे, चिकाटी तेरा आणे, दम आठ आणे, अंगबळ सहा आणे, डावा पाय चार आणे.

चांचणीच्या दिवशीं मात्र मोजलें गेलें तें वेगळेंच: वीस मीटर धांव, जागेवरून उंच उडी, वळणावळणाची धांव, आणि शेवटीं दोन किलोमीटरांची धांव. घड्याळ खोटें बोलत नाहीं हें खरें. पण मान वळवून पाहणें तें मोजीत नाहीं. सप्टेंबरांत निकाल आला. निवडलेल्यांच्या यादींत त्याचें नांव नव्हतें. अंग भरल्यावर पुढच्या वर्षीं पुन्हां यावें, एवढाच शेरा होता. त्या संध्याकाळीं तो स्वयंपाकघरांत येऊन आमच्याजवळ बसला व म्हणाला, "आजोबा, माझ्यांत नाहींच का कांहीं?"

आम्हांस तात्काळ उत्तर देववेना. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींचा एक मुलगा आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला. शब्दरूपें म्हणावयास सांगितलें कीं तो खालीं पाहून गप्प उभा राही. वार्षिक तोंडी परीक्षेच्या दिवशींहि तसेंच झालें. आम्हीं शून्य गुण दिले, आणि त्याच्या वडिलांस बोलावून सांगितलें, "याच्या शिक्षणामागें पैसा दवडूं नका, कोठें तरी कामास लावा." वडील भाबडे. गुरुजींचा शब्द प्रमाण मानून त्यांनीं मुलास शाळेंतून काढलें व एका छापखान्यांत खिळे जुळविण्यास घातलें. दहा-बारा वर्षांनीं एका स्तोत्रसंग्रहाचीं मुद्रितें तपासण्यास आम्ही त्या छापखान्यांत गेलों, तेव्हां आमच्या नजरेंतून निसटलेल्या विभक्तीच्या दोन चुका त्यानेंच आम्हांस अदबीनें दाखविल्या. आम्ही थक्क होऊन त्याच्याकडे पाहत राहिलों. तो इतकेंच म्हणाला, "गुरुजी, मला येत नव्हतें असें नाहीं. मला वेळ लागत असे."

भाताचें एक शीत चेपून सगळी हंडी शिजली कीं नाहीं हें सांगतां येतें, हा स्थालीपुलाकन्याय. आम्हीं तो मुलांस लावला, ही आमची चूक. हंडींतील सर्व शितें एका आंचेवर शिजत असतात; मुलांचें तसें नसतें.

ही गोष्ट आम्हीं नातवास सांगितली. चिरंजीव दाराशीं उभे राहून ऐकत होते. ही हकीकत त्यांनींहि आजपावेतों ऐकिली नव्हती.

योगायोग असा कीं, त्याच महिन्यांत ब्राउन्लो पदकाची रात्र आली. १९२४ पासून दिलें जाणारें हें त्या खेळांतील श्रेष्ठ वैयक्तिक पदक. प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन गड्यांस तीन, दोन व एक अशीं मतें देतात. आणि गैरवर्तनाबद्दल त्या हंगामांत बंदीची शिक्षा झालेल्यास, तो कितीहि गुणी असला, तरी हें पदक मिळत नाहीं. त्या रात्रीं मॅट रॉवेल हा गोल्ड कोस्ट क्लबाचा मिडफील्डर ३९ मतें मिळवून विजयी झाला. नातवानें त्याची कथा सांगितली. तेथें दर वर्षाखेर ड्राफ्ट नांवाची निवड होते. अठरा वर्षांच्या मुलांस क्लब आळीपाळीनें निवडतात, आणि साधारणतः तळाशीं असलेल्या क्लबास पहिली निवड मिळते. २०१९ त रॉवेल पहिल्याच क्रमांकानें निवडला गेला. २०२० त पदार्पणानंतरच्या तीन ओळीच्या सामन्यांत त्यानें पंचांचीं पुरीं नऊ मतें मिळविलीं. लगेच पुढच्या सामन्यांत खांदा दुखावला. २०२१ च्या पहिल्याच सामन्यांत गुडघा. पहिला बहर पुन्हां दिसण्यास वर्षें गेलीं. आणि त्याच्या उलट सॅम मिचेल: २००० सालीं त्यास कोणत्याहि क्लबानें घेतलें नाहीं, २००१ त हॉथॉर्न क्लबानें छत्तिसाव्या क्रमांकावर घेतलें, आणि २००८ त त्याच्याच नायकत्वाखालीं त्या क्लबानें अजिंक्यपद मिळविलें. एकास आरंभींच शंभर गुण मिळाले व मग थांबावें लागलें. दुसऱ्यास आधीं थांबावें लागलें.

"म्हणजे हा रॉवेल होणार का, बाबा?" चिरंजीवांनीं विचारलें.

आम्हीं खरें तेंच सांगितलें. "बहुधा नाहीं. हजारोंतून एखादा वरपर्यंत पोंचतो, आणि त्यावर भिस्त ठेवून अभ्यास सोडणें शहाणपणाचें नव्हे. पण तूं विचारलेंस कीं याच्यांत कांहीं आहे का. आहे. जें आहे तें शिकवून येणारें नव्हे, आणि जें नाहीं तें बरेंच शिकवून व वय वाढून येण्याजोगें आहे. ड्राफ्टचें वय अठरा. दोन हिवाळे त्याला दे. अभ्यासाच्या वेळा मात्र तूं ठरव, आणि त्यानें त्या पाळाव्या."

चिरंजीव थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चार नव्हे, तीन संध्याकाळी." नातवानें होकारार्थी मान हालविली. सूनबाईंनीं कांहीं न बोलतां सर्वांच्या पानांवर गरम पोळ्या वाढल्या.

ऑक्टोबरांत आम्ही परत आलों. निघण्याच्या आदल्या दिवशीं त्या उपनगरी मैदानावर एकदां फिरून आलों. हंगाम संपला होता, आणि फुटबॉलचा चिखल सुकून तेथें क्रिकेटची तयारी चालली होती. कडेच्या भिंतीवर नातू एकटाच डाव्या पायानें चेंडू मारीत होता. दहांतले सात वाकडे जात होते.

अलीकडे फोनवर त्यानें विचारलें, "आजोबा, डावा पाय आतां चार आण्यांवरून किती आण्यांवर आला असेल?"

आम्हीं सांगितलें, "बाळा, पुरतें पाहिल्यावांचून गुण देण्याची चूक आम्हीं एकदां केली आहे. पुढच्या जूनमध्यें वही घेऊन येतों."