अंगणातला आपटा

दसऱ्याला आपण सोने म्हणून जे लुटतो, ते पुष्कळदा कांचनाचे पान असते. दोघांचीही पाने जोडपाने, त्यामुळे फसगत होते. आपट्याचे पान लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंद; कांचनाचे मोठे व पातळ. फुले आली की शंकाच उरत नाही. कांचनाची फुले मोठी, जांभळी-गुलाबी असतात. आपट्याला उन्हाळ्यात बारीक, पिवळट-पांढऱ्या फुलांचे तुरे येतात.

गायकवाडांमुळे १८व्या शतकापासून बडोद्यात मराठी घरे आहेत, पण इथला दसरा म्हणजे फाफडा-जिलेबी! सासूबाईंना ती आवडे, मात्र सोने खरेच हवे असे. बाजारातला कांचन पाहून त्या म्हणत, "हे तर पितळ!" २००७ साली साताऱ्याकडच्या माहेराहून त्यांनी पदरात बांधून आपट्याच्या शेंगा आणल्या.

बियांचे कवच टणक असते. म्हणून कढत पाण्यात टाकून रात्रभर भिजवल्या आणि पिशव्यांत लावल्या. पुढच्या पावसाळ्यात एक रोप कुंपणाशी लावले. पहिले दोन उन्हाळे पाणी घातले, तेवढेच. झाड सावकाश वाढते, वेडेवाकडे होते, फांद्या खाली झुकतात. पण बडोद्याचे चाळीस अंशांचे ऊन त्याला बाधत नाही. शेजारच्या बा म्हणाल्या, "अरे, आ तो आसोंदरो!" याच्या पानांच्या विड्या वळतात, सालीच्या वाखाचे दोर होतात, हेही कळले.

पहिले तुरे आले तेव्हा सासूबाई नव्हत्या.

गेल्या वर्षी मुलाने तिथे गाडीसाठी शेड घालायचे काढले. त्याचेही बरोबर होते. रस्त्यावर गाडीला जागा नाही. मी झाडाची बाजू मांडली, पण वाद घातला नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी माझी नात, जिला गुजरातीच जास्त सुचते, ती पाने घेऊन सगळ्या सोसायटीत फिरली. प्रत्येक दारात म्हणत होती, "सोने घ्या, सोन्यासारखे राहा." मुलगा फाटकाशी उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्याने शेडची आखणी पलीकडे सरकवली.

आपल्या अंगणात हातभर जागा असेल तर एक आपटा जरूर लावा. आणि दसऱ्याला फांद्या ओरबाडू नका. माणशी एक पान पुरते.